सकाळी कोर्ट, संध्याकाळी वर्ग: इंग्लंडमध्ये भावी बॅरिस्टरांना शिकवणारे अर्धवेळ शिक्षक कोण असतात?

कायद्याचं कलम पाठ करता येतं. पण समोरचा साक्षीदार काहीतरी लपवतोय हे लक्षात आल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, आणि मुख्य म्हणजे कोणता विचारायचा नाही, हे पाठ करून येत नाही. ते करून बघावं लागतं, चुकावं लागतं आणि कुठे चुकलं हे सांगणारं कुणीतरी शेजारी असावं लागतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे सांगणारं माणूस बऱ्याचदा कोर्टात रोज उभं राहणारा बॅरिस्टरच असतो. तो प्राध्यापक नसतो. आठवड्यातून एक-दोन दिवस, किंवा कोर्ट सुटल्यावर संध्याकाळी, तो वर्ग घेतो. काही जण त्याचे पैसे घेतात, काही जण एक पैसाही घेत नाहीत.

परदेशात बॅरिस्टर व्हायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि वकिली सांभाळून शिकवू पाहणाऱ्या तरुण वकिलांनीही ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. कारण या शिक्षणाची फी लाखांत असते आणि त्याचा दर्जा बराचसा या अर्धवेळ शिक्षकांवर अवलंबून असतो.

आधी एक फरक: बॅरिस्टर म्हणजे नेमकं कोण?

भारतात वकिलांचा वर्ग एकच, ॲडव्होकेट. इंग्लंडमध्ये मात्र मुख्य दोन व्यवसाय आहेत. पक्षकार सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो. कागदपत्रं, पत्रव्यवहार, तडजोडीची बोलणी हे काम सॉलिसिटर बघतो. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायचा असेल किंवा एखाद्या किचकट मुद्द्यावर लेखी मत हवं असेल, तर बॅरिस्टरला बोलावलं जातं. आता दोघांच्या कामांतली सीमारेषा पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही, पण बॅरिस्टरची ओळख आजही कोर्टातल्या युक्तिवादाचीच आहे.

बहुतेक बॅरिस्टर नोकरी करत नाहीत. साधारण ८० टक्के बॅरिस्टर स्वतंत्र व्यवसाय करतात. अनेक जण मिळून एक ऑफिस आणि क्लार्क ठेवतात, त्याला चेंबर्स म्हणतात. पण प्रत्येकाची कमाई ज्याची त्याची. महिन्याचा पगार नाही, भरपगारी रजा नाही. पुढे शिकवण्याच्या कामाबद्दल बोलताना ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

बॅरिस्टर व्हायला किती पायऱ्या लागतात?

तीन.

पहिली पायरी म्हणजे कायद्याची पदवी, किंवा दुसऱ्या विषयातली पदवी आणि वर कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम.

दुसरी पायरी म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण, म्हणजेच बार कोर्स. यात युक्तिवाद, साक्षीदाराची तपासणी, पक्षकाराशी चर्चा, दाव्याचे मसुदे, लेखी मत आणि व्यावसायिक नीतिमत्ता शिकवली जाते. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेची परीक्षा बार स्टँडर्ड्स बोर्ड ही नियामक संस्था सगळ्यांसाठी एकच घेते.

तिसरी पायरी म्हणजे प्युपिलेज. अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली साधारण वर्षभर काम करायचं. पहिले सहा महिने बघायचं आणि शिकायचं, पुढचे सहा महिने देखरेखीखाली स्वतःच्या केसेस चालवायच्या.

याशिवाय लंडनमधल्या चारपैकी एका ‘इन’चं सदस्य व्हावं लागतं: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन. बॅरिस्टर ही उपाधी विद्यापीठ देत नाही, ती इनच देते. परीक्षा पास होऊनही इनने मान्यता दिली नाही तर माणूस बॅरिस्टर होत नाही. विनायक दामोदर सावरकरांच्या बाबतीत १९०९ मध्ये ग्रेज इनने हेच केलं होतं.

मग शिकवतं कोण?

अर्धवेळ शिकवणारे बॅरिस्टर ढोबळपणे दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार पैसे घेऊन शिकवणाऱ्यांचा. बार कोर्स चालवणाऱ्या संस्थांमध्ये बीपीपी आणि युनिव्हर्सिटी ऑफ लॉसारख्या संस्था आहेत. लंडनची सिटी लॉ स्कूल, कार्डिफ विद्यापीठ, नॉटिंगहॅम ट्रेंट अशी विद्यापीठंही आहेत. यांच्याकडे पूर्णवेळ शिक्षक असतात आणि त्यांतले बरेच जण आधी वकिली केलेले असतात. त्यांच्या जोडीला तासावर किंवा ठराविक दिवसांसाठी व्यवसायातले बॅरिस्टर घेतले जातात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे एका शब्दात सांगायचं तर ‘तासिका तत्त्वावर’.

दुसरा प्रकार फुकट शिकवणाऱ्यांचा. चारही इन आपल्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्युपिल्ससाठी युक्तिवादाचे वर्ग घेतात. तिथले प्रशिक्षक स्वयंसेवक असतात. त्यांत दहा वर्षं वकिली केलेले असतात, किंग्ज काउन्सेल म्हणजे वरिष्ठ बॅरिस्टर असतात आणि न्यायाधीशही असतात. काही इन विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारच्या निवासी शिबिराला विंडसरजवळच्या कंबरलँड लॉजमध्ये नेतात. शुक्रवारपर्यंत कोर्टात असलेले बॅरिस्टर तिथे दोन दिवस विद्यार्थ्यांचे युक्तिवाद ऐकत बसतात.

मात्र इथे नावाजलेला वकील म्हणून कुणालाही थेट वर्गात उभं करत नाहीत. शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण त्याला आधी घ्यावं लागतं. उत्तम वकील उत्तम शिक्षक असेलच असं नाही, हे या मंडळींनी अनुभवाने मान्य केलंय.

२०२० मध्ये यात एक मोठा बदल झाला. इन्स ऑफ कोर्ट कॉलेज ऑफ ॲडव्होकसी या इन्सच्याच संस्थेने स्वतःचा बार कोर्स सुरू केला. त्याचा पहिला भाग ऑनलाइन, प्रक्रियेच्या अभ्यासाचा. दुसरा भाग प्रत्यक्ष वर्गातला, कौशल्यांचा. आधी ज्ञानाची परीक्षा पास व्हा आणि मगच कौशल्यांच्या भागाचे पैसे भरा, अशी ही विभागणी आहे.

वर्गात नेमकं काय चालतं?

युक्तिवादाचा वर्ग म्हणजे व्याख्यान नसतं. गट लहान असतो, अनेक ठिकाणी सहा जणांचा. प्रत्येकाला केसची कागदपत्रं आधी दिलेली असतात. वर्गात एक जण वकील होतो, दुसरा साक्षीदार, आणि शिक्षक न्यायाधीशाच्या जागी बसून ऐकतो.

नंतरचा अभिप्राय मात्र मनाला येईल तसा दिला जात नाही. ऑस्ट्रेलियातले न्यायाधीश जॉर्ज हॅम्पेल यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा पायऱ्यांची पद्धत इथे वापरतात. ती एका उदाहरणातून समजून घेऊ.

समजा, विद्यार्थिनी स्वतःच्याच बाजूच्या साक्षीदाराची सरतपासणी घेतेय. ती विचारते, “त्या रात्री तुम्ही दुकानासमोर उभे होतात आणि आरोपीला पळताना पाहिलंत, बरोबर ना?”

१. शीर्षक: शिक्षक एकच मुद्दा निवडतो. “आपण सूचक प्रश्नांबद्दल बोलू.”

२. पुनरुच्चार: तिचेच शब्द, लिहून घेतलेले, जसेच्या तसे वाचून दाखवतो. त्यामुळे “मी असं म्हटलंच नाही” हा वाद उरत नाही.

३. कारण: हे का चुकलं? कारण उत्तर प्रश्नातच आलं. साक्ष वकिलाने दिली, साक्षीदाराने फक्त मान डोलावली. समोरचा वकील हरकत घेईल आणि न्यायाधीशाच्या लेखी त्या उत्तराची किंमत कमी होईल.

४. उपाय: प्रश्न कोण, कुठे, केव्हा, काय यांनी सुरू कर. एका प्रश्नात एकच गोष्ट विचार.

५. प्रात्यक्षिक: आता शिक्षक स्वतः उभा राहतो. “त्या रात्री दहा वाजता तुम्ही कुठे होतात?” “तिथून तुम्हाला काय दिसत होतं?” “पुढे काय झालं?”

६. पुन्हा प्रयत्न: विद्यार्थिनी तोच भाग पुन्हा घेते.

हे सगळं काही मिनिटांत उरकतं. शिक्षकाला दहा चुका दिसल्या तरी तो एकच उचलतो, कारण एका बैठकीत माणूस एखादीच सवय बदलू शकतो.

यातली पाचवी पायरी बघा. “असं कर” म्हणणं सोपं आहे. आयत्या वेळी उभं राहून करून दाखवायचं तर हात चालता असावा लागतो. व्यवसायातल्या बॅरिस्टरची गरज सर्वांत जास्त इथे भासते.

याचा परिणाम वर्गापुरता राहत नाही. उद्या हीच विद्यार्थिनी एखाद्या लहान मुलाची किंवा अत्याचारातून गेलेल्या व्यक्तीची उलटतपासणी घेणार असते. प्रश्न कसा विचारायचा हे तिला नीट आलं नाही, तर त्याची किंमत तो साक्षीदार मोजतो.

ही पद्धत नवी आहे का?

उलट, ती फार जुनी आहे. मध्ययुगात इन्स हीच कायद्याची शाळा होती. ज्येष्ठ बॅरिस्टर ‘रीडर’ म्हणून व्याख्यानं देत आणि विद्यार्थी जेवणानंतर लुटुपुटूचे खटले लढवत. १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि ही घडी मोडली. पुढे दोनेक शतकं शिक्षण जवळजवळ विद्यार्थ्यावरच सोडलेलं होतं. १८५२ मध्ये कौन्सिल ऑफ लीगल एज्युकेशन स्थापन झाली आणि १८७२ मध्ये परीक्षा सक्तीची झाली.

१८८८ ते १८९१ या काळात मोहनदास गांधी लंडनमध्ये इनर टेंपलचे विद्यार्थी होते. तेव्हा दोनच अटी मोठ्या होत्या: परीक्षा पास होणं आणि बारा सत्रं पूर्ण करणं. सत्र पूर्ण करणं म्हणजे इनमध्ये ठराविक वेळा जेवायला हजर राहणं. उलटतपासणी कशी घ्यायची हे शिकवणारा वर्गच नव्हता. मुंबईत परतल्यावर पहिल्याच खटल्यात ते प्रश्न विचारायला उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

जेवणाची परंपरा आजही आहे, पण तिचं रूप बदललंय. आता विद्यार्थ्याला दहा पात्रता सत्रं पूर्ण करावी लागतात. त्यात जेवणाबरोबर व्याख्यानं, चर्चा आणि युक्तिवादाचे वर्गही येतात. १९८९ मध्ये कौशल्यांवर भर देणारा नवा बार कोर्स आला. १९९७ पर्यंत तो लंडनमधली एकच संस्था चालवत होती. त्यानंतर इतर संस्थांना परवानगी मिळाली, वर्ग वाढले आणि अर्धवेळ शिक्षकांची गरजही वाढली.

बॅरिस्टर हे काम का स्वीकारतात?

पहिलं कारण सरळ आहे, पैसा. बॅरिस्टर म्हटलं की गडगंज श्रीमंती डोळ्यांसमोर येते. मोठ्या व्यापारी खटल्यांत ती आहेही. पण सरकारी मदतीवर चालणाऱ्या फौजदारी केसेस घेणाऱ्या तरुण बॅरिस्टरचं चित्र वेगळं असतं. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या फौजदारी बॅरिस्टरांनी संप केला. पहिल्या तीन वर्षांतल्या बॅरिस्टरचं खर्च वजा जाता मध्यक उत्पन्न वर्षाला अवघं १२,२०० पौंड आहे, असा त्यांच्या संघटनेचा दावा होता. फीमध्ये १५ टक्के वाढीचा प्रस्ताव मान्य झाल्यावर ऑक्टोबरमध्ये संप मिटला.

केसची फी हातात यायला कित्येक महिने लागू शकतात. अशा वेळी आठवड्याचे काही तास शिकवून ठरलेल्या तारखेला येणारे पैसे घरभाड्याला उपयोगी पडतात.

दुसरं कारण आयुष्यातल्या टप्प्यांचं. घरी लहान मूल आहे, आजारपण झालंय, रोज वेगवेगळ्या गावच्या कोर्टात जाणं जमत नाही. अशा काळात काही जण शिकवण्याचे तास वाढवतात आणि केसेस कमी करतात. व्यवसायाशी नातं टिकतं आणि नंतर परतणं सोपं जातं.

नियमांचीही अडचण नाही. बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या नियमावलीत ‘कायदेविषयक सेवा’ची जी व्याख्या आहे, तिच्यातून कायदा शिकवणं आणि कायद्याची पुस्तकं लिहिणं स्पष्टपणे वगळलंय. म्हणजे वर्ग घेणं ही वकिली समजली जात नाही. त्यामुळे सध्या वकिली न करणारे बॅरिस्टरही शिकवू शकतात.

तिसरं कारण आकड्यांत मांडता येत नाही. शिकवताना आपलीच सवय तपासली जाते. “मी हा प्रश्न असा का विचारतो?” हे दुसऱ्याला समजावताना आधी स्वतःला समजावं लागतं.

अडचण कुठे येते?

सगळ्यात मोठी अडचण तारखेची. फौजदारी बॅरिस्टरला उद्या कोणत्या कोर्टात जायचंय हे पुष्कळदा आदल्या संध्याकाळी कळतं. तीन दिवसांचा खटला पाच दिवस चालतो. गुरुवारी दुपारी दोनचा वर्ग ठरलाय आणि साक्षीदार अजून पिंजऱ्यात आहे, तर वर्ग कोण घेणार? पक्षकाराला सोडून येता येत नाही आणि येऊही नये. म्हणून संस्था संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग ठेवतात, बदली शिक्षकांची यादी तयार ठेवतात. तरीही गोंधळ होतो आणि तो विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

दुसरी अडचण तासाच्या हिशेबाची. वर्ग दोन तासांचा असला तरी त्यामागे तयारी असते, मसुदे तपासणं असतं, विद्यार्थ्यांचे ईमेल असतात. करारात या वेळेचे पैसे वेगळे धरलेत की तासाच्या दरातच सगळं आलं, यावर खरी कमाई ठरते. आपल्याकडच्या सीएचबी प्राध्यापकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तिसरी अडचण सुट्टीच्या पगाराची. इथे एक निकाल माहीत असायला हवा. वर्षातले काही आठवडेच काम असणाऱ्या एका संगीत शिक्षिकेच्या प्रकरणात, हार्पर ट्रस्ट विरुद्ध ब्रेझल, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ मध्ये शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला. वर्षभराचा करार असेल तर काम काही आठवड्यांचंच आहे म्हणून भरपगारी सुट्टी त्या प्रमाणात कापता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. नंतर सरकारने नियम बदलले. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजा-वर्षांसाठी अनियमित तास किंवा वर्षातला काहीच काळ काम करणाऱ्यांची सुट्टी, केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के या दराने मोजली जाते. हा हक्क कायद्यातल्या ‘वर्कर’ या वर्गाला मिळतो. शिक्षक स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल पाठवत असेल, तर तो सहसा या संरक्षणाबाहेर राहतो. म्हणून वकिलानेही सही करण्याआधी स्वतःचा करार नीट वाचावा!

विद्यार्थ्याच्या बाजूने बघितलं तर?

बार कोर्सची फी बहुतेक ठिकाणी १० हजार पौंडांहून बरीच जास्त आहे. म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च सोडून दहा लाख रुपयांच्या वर. दरवर्षी दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त विद्यार्थी हा कोर्स करतात. प्युपिलेजच्या जागा मात्र साधारण ५०० ते ६००. त्यासाठी आधीच्या वर्षांत कोर्स केलेलेही अर्ज करतात, कारण कोर्सनंतर पाच वर्षांपर्यंत संधी असते. कोर्स करणाऱ्यांत परदेशी विद्यार्थी बरेच असतात आणि त्यांतले अनेक जण मायदेशी परततात. तरीही जागा आणि उमेदवार यांचं प्रमाण कठोरच आहे.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट: इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झालं म्हणून भारतात आपोआप वकिली करता येत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे इथल्या अटी पूर्ण करून राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावीच लागते.

भारतातला वकील असं शिकवू शकतो का?

हो, पण मर्यादेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. शिकवण्यासाठी मात्र १९७९ चे वेगळे नियम आहेत. विद्यापीठाशी संलग्न संस्थेत वकील कायदा शिकवू शकतो, अट एवढीच की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ त्यात जाऊ नये. तीन तासांच्या आत असेल तर त्या पदाला नाव काहीही असो आणि मोबदला कसाही असो, ते काम अर्धवेळच मानलं जातं.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. १८५५ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमध्ये हायकोर्टात वकिली करणारी मंडळी शिकवायला येत. पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले एम. सी. छागला १९२७ ते १९३० या काळात तिथे शिकवत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर. मुंबईत वकिली सुरू केल्यावर १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, अर्धवेळ. १९२८ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य. वकिलीतली मिळकत अनिश्चित असताना शिकवण्याचा आधार घेणारे बॅरिस्टर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतही होते.

फी भरण्याआधी हे विचारा

कोर्सच्या माहितीपत्रकात इमारतीचे फोटो असतात. त्यापलीकडे जाऊन चार प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

- युक्तिवादाच्या वर्गात एका गटात किती विद्यार्थी असतात?
- शिकवणाऱ्यांपैकी किती जण सध्या कोर्टात उभे राहतात?
- शिक्षक खटल्यात अडकला तर वर्ग कोण घेतं, की वर्गच रद्द होतो?
- पूर्ण कोर्समध्ये मला स्वतः उभं राहून बोलण्याची संधी किती वेळा मिळेल आणि प्रत्येक वेळी अभिप्राय मिळेल का?

शिकवू पाहणाऱ्या वकिलाने विचारायचे प्रश्न याहून कमी: तयारी आणि पेपर तपासणीचे पैसे मिळतात का, खटला लांबला तर काय, आणि सुट्टीचा पगार आहे का.

या व्यवस्थेत विद्यार्थी विकत घेतो तो एका कामात असलेल्या माणसाचा वेळ. तो वेळ किती आणि कसा मिळणार, हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.